फोन चोरीला गेलाय? ‘गहाळ’ लिहून घरी येऊ नका

गेल्या वर्षी आतेभावाचा फोन एसटीत चढताना गर्दीत कुणीतरी मारला. तो पोलीस ठाण्यात गेला. ठाणे अंमलदारांनी शांतपणे कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, “प्रवासात गहाळ झाला असं लिहा, नवीन सिम लगेच मिळून जाईल.” सिम खरंच मिळालं. पण गहाळ वस्तूला चोर नसतो, त्यामुळे तपासही नसतो. आठवड्याने तो फिर्याद द्यायला परत गेला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, “मग तेव्हा गहाळ का लिहिलंत?” त्याचं उत्तरही जबाबात घालावं लागलं.

१ जुलै २०२४ पासून कायदे बदलले. फिर्याद कशी घ्यायची हे आता १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. जुनं कलम १५४ आता १७३ झालं. चोरीचं, जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३७९ आता भारतीय न्याय संहितेत ३०३(२) मध्ये गेलं. बोलताना हवालदारसाहेबही अजून जुनेच आकडे सांगतात. तुम्हाला कलम पाठ असायची गरज नाही, कलम लावणं त्यांचं काम.

ठाण्यात जाण्याआधी घरी बसून अर्ज लिहा. कधी, कुठे, काय झालं आणि कुणावर संशय असेल तर तो. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावर किंवा बिलावर सापडतो. आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: किंमत. नव्या कायद्यात पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरू शकते. म्हणजे एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती हातात येईल, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. म्हणून ‘एक जुना मोबाईल’ असं मोघम लिहू नका. मॉडेल, खरेदीची तारीख आणि आजची खरी किंमत लिहा, बिल जोडा. फुगवून मात्र लिहू नका, बिल आणि फोनचं वय पाहून ते लगेच कळतं.

“ही आमची हद्द नाही” हे ऐकायला मिळेलच. शिवाजीनगरला गाडीत चढताना फोन गेला आणि नाशिकला उतरल्यावर कळलं, तरी नाशिकच्या ठाण्यात फिर्याद देता येते. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस आदेशाशिवाय तपास करू शकतात त्याची, खबर कुठल्याही हद्दीतली असली तरी घ्यावीच लागते. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम, तुमचं नव्हे. पूर्वीही हे होत होतं, पण आता कायद्यातच लिहिलंय.

ऑनलाइन खबर देण्याचीही सोय कायद्यात आली आहे. तिच्यात एक गोम आहे: तीन दिवसांत तुमची सही झाली तरच ती नोंदीवर येते. घरबसल्या अर्ज पाठवून निर्धास्त राहिलात तर तो नुसता पडून राहील.

“आधी चौकशी करू, मग बघू” हे वाक्य पूर्वी टाळाटाळीचं होतं. आता त्याला कायद्याचा थोडा आधार मिळालाय. ज्या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी आहे, तिथे प्राथमिक चौकशी करता येते. साधी चोरी नेमकी यातच बसते. पण त्यासाठी पोलीस उपअधीक्षकांची आधी परवानगी लागते आणि चौकशी १४ दिवसांत संपवावी लागते. म्हणून नम्रपणे विचारा, “साहेब, परवानगी कुणाची घेतलीय आणि कोणत्या तारखेला?” अर्जाच्या तुमच्या प्रतीवर पोचेची सही, शिक्का आणि तारीख घ्या. चौदा दिवस त्या तारखेपासून मोजायला बरे पडतात. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या फसवणुकीला, म्हणजे जुन्या ४२० ला, ही चौकशीची सवलत नाही. तिथे दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद सक्तीची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलं आहे.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर ठाण्यात रांग लावण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले गेले तर बरं, नाही तर मागे लागत बसावं लागतं.

फिर्याद लिहून झाली की सही करण्याआधी शब्दन्‌शब्द वाचा, किंवा वाचून दाखवायला सांगा. ‘गहाळ’, ‘बहुधा पडला असावा’ असं काही आत शिरलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. फिर्यादीची प्रत लगेच आणि मोफत मिळते. झेरॉक्सचे पैसेही द्यायचे नाहीत. तिच्यावरचा गु. र. नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) मोबाईलमध्ये टिपून ठेवा.

नोंदच करायला नकार मिळाला तर वाद घालत बसू नका, आवाज चढला की मूळ मुद्दा बाजूला पडतो. तोच अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना. टपालाची पावती जपा, कारण तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना हे आधी केल्याचं दाखवावं लागतं, प्रतिज्ञापत्रासह. इथे वकील घेतलेला बरा.

गुन्हा नोंदला गेला की ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं बंधनकारक आहे, मेसेजवरूनही चालतं. त्यामुळे फिर्यादीत देता तो मोबाईल नंबर नव्या सिमचा आणि चालू असलेला असू द्या.