ट्रक पुलाच्या खांबाला धडकला तर आधी काय करायचं

अपघात झाला की सगळे ट्रकभोवती गोळा होतात, खांबाकडे कोणी बघतच नाही, म्हणून हे लिहितोय. गोव्यात पर्वरीला उड्डाणपुलाचे खांब आले, त्यांच्या बाजूने अवजड गाड्या जातात, आता हे आपल्याला माहीत असायलाच हवं.

पुलाखाली थांबू नका. गाडी लांब लावा, चारी इंडिकेटर चालू करा आणि ११२ ला फोन लावा. नुसतं 'अपघात झालाय' नको, 'ट्रक खांबाला धडकलाय, पुलावरची वाहतूक पण थांबवा' असं स्पष्ट सांगा, कारण वरून जाणाऱ्याला खाली काय झालंय ते कळतच नाही.

ड्रायव्हर अडकलेला असेल तर ओढू नका, केबिन चेपून पाय दाबलेले असतात. आग लागली किंवा वरून काँक्रीट सुटायला लागलं तरच काढा. डिझेल सांडलं असेल तर जवळपास विडी-काडी नको. आणि मदत करायला घाबरू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही.

आता खांब. लांबूनच बघा. रंग खरवडला, कोपरा उडाला एवढंच असेल तर ठीक, पण तिरकी भेग दिसली, सळ्या उघड्या पडून वाकल्या, किंवा वर जॉइंटला (पुलाचे दोन भाग जुळतात तिथे) एक बाजू खाली बसून पायरी पडली तर इंजिनीयर येईपर्यंत पूल बंदच राहायला हवा. तिरकी भेग सगळ्यात वाईट, त्यात खांब आडवा कापला जातो. टेक्सासला साधारण ३६ टनांचा ट्रक ८० च्या स्पीडने खांबावर घालून बघितला, त्यानंतर अमेरिकेतल्या नियमात खांबाने सोसायला हवा तो आडवा धक्का सुमारे १८० टनांवरून २७० टनांवर नेला, तोही जमिनीपासून दीड मीटरवर. धडकेत आधी इंजिन आदळतं, मग मागचा माल पुढे येऊन परत दणका देतो.

म्हणून क्रेन आली तरी घाईने ट्रक ओढायला देऊ नका, खांब मोडला असेल तर ट्रकच कशाला तरी टेकू देत असेल. पूल बंद म्हटलं की लोक चिडतात, मला कळतं, पण ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला (तो गंजाने, धडकेने नाही) त्यानंतर फेरीबोटीला ताटकळलेल्या कुणालाही विचारा, दोन तास थांबणं परवडतं.

ट्रक हलवायच्या आधी लांबून फोटो काढा, धक्का जमिनीपासून किती उंचीवर बसला ते दिसेल असा, इंजिनीयर आले की त्यांना तोच आधी दाखवा.