लिंगाणा चढताना या चुका टाळा

रायगड आणि तोरणा यांच्यामध्ये उभा असलेला लिंगाणा हा सुळक्यावरचा किल्ला शिवकाळात तुरुंग म्हणून वापरला जात असे, यावरूनच तिथून खाली येणे किती अवघड आहे हे ध्यानात यावे. तरीही बहुतेक जण तयारी करतात ती चढाईचीच.

पहिली चूक सुळक्याला हात लागण्याआधीच होते. मोहरी गावाकडून आल्यावर धोंड्यांनी भरलेली बोराट्याची नाळ (डोंगरातली उताराची घळ) उतरावी लागते आणि मग आडवे जाऊन रायलिंगचे पठार व लिंगाणा यांच्यामधली खिंड गाठावी लागते. ही नाळ घाईने उतरली की गुडघे तिथेच थकतात आणि सुमारे १००० फुटांची खरी चढाई अजून पुढेच असते.

कातळ बेसॉल्टचा आहे. मधल्या टप्प्यांवर वाळलेले गवत आणि सुटा मुरूम असतो. वरच्या माणसाचा पाय घसरला की खालच्याच्या डोक्यावर दगड येतात, म्हणून हेल्मेट खिंडीत पोहोचल्याबरोबर चढवावे आणि वरचा चढत असताना त्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये. कातळात ठोकलेला जुना बोल्ट किंवा कुणीतरी सोडून गेलेला दोर दिसला, तर त्यावर कधीही भार टाकू नये. उन्हापावसाने आतून कुजलेला दोर बाहेरून धडधाकट दिसतो.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी ती रॅपलिंगची, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याची, कारण तेव्हा अंगात थकवा असतो आणि मन घरी पोहोचलेले असते. दोराच्या दोन्ही टोकांना गाठी माराव्यात, डिसेंडरवर (दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या साधनावर) भार देऊन पाहिल्याशिवाय सेफ्टी (आपल्याला कातळाशी बांधून ठेवणारी दोरी) काढू नये, आणि कोणता दोर ओढायचा हे शेवटच्या माणसाने निघण्यापूर्वी मोठ्याने सांगावे. तो वर असतानाच खालच्यांनी दोर थोडा ओढून पाहावा. अडत असेल तर दोन दोर जोडणारी गाठ कातळाच्या कडेच्या खाली सरकवता येते. सगळे उतरल्यावर दोर अडकलाच, तर बाजूला सरकून कोन बदलून ओढावे, हिसके देत बसू नये, आणि अडकलेल्या दोराला धरून वर तर मुळीच चढू नये.

पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये. वाटेतल्या गुहेजवळच्या टाक्यावर विसंबून पाणी कमी नेऊ नये. कपारींत मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. मागे दुसरा गट असेल, तर माथ्यावरून निघण्याची वेळ त्यांच्याशी आधीच ठरवून घ्यावी. एकाच अँकरवर (कातळात दोर बांधायच्या जागेवर) दोन गट ताटकळले की अंधार कातळातच गाठतो.