सिंथचा साधा आवाज भरीव करताना या चुका टाळा

१९८२ साली आलेल्या रोलंड जुनो-६० या सिंथेसायझरमध्ये (सिंथमध्ये) प्रत्येक सुरामागे एकच ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारा भाग, आणि त्याच्याखाली एक सब, म्हणजे एक सप्तक खालचा सूर, आहे. कागदावर अगदीच साधा सिंथ. तरी त्याचा पॅड, म्हणजे लांब धरलेला मऊ आवाज, लावला की खोली भरून जाते, आणि त्यात मोठा वाटा आतल्या कोरस या इफेक्टचा आहे. त्यातला छोटा डिले (आवाज किंचित उशिरा देणारा भाग) सेकंदाला एका फेरीपेक्षाही कमी वेगाने मागेपुढे सरकतो, त्यामुळे मूळ आवाजाला किंचित बेसूर अशी जोड मिळते. इफेक्टच्या जोरावर साधा आवाज किती फुलतो ते इथे कळतं. मग आपल्याकडे का फुलत नाही?

बहुतेक वेळा चूक पेडलमध्ये, म्हणजे इफेक्ट देणाऱ्या डब्यात, नसतेच, सिंथमध्ये असते. ‘फेजर लावला, पण काही फरकच पडत नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी सिंथवर ऑसिलेटरची लाट कोणती निवडली आहे ते बघतो. फेजर आवाजातल्या उपस्वरांमध्ये (मूळ सुरासोबत येणाऱ्या वरच्या सुरांमध्ये) खाचा पाडतो आणि त्या खाचा सरकवत राहतो. साइन लाटेत उपस्वर नसतातच, एकटा मूळ सूर असतो. तिथे खाच पाडणार कशात? फक्त आवाज लहानमोठा होत राहतो. तोच सूर उपस्वरांनी भरलेल्या सॉटूथ लाटेवर धरा, फिल्टर अर्ध्यापर्यंत उघडा आणि फेजरचा वेग अगदी कमी करा. आवाज वळू लागलेला लगेच ऐकू येईल. फ्लॅंजर या तशाच इफेक्टचंही असंच आहे.

दुसरी चूक रिव्हर्बची, म्हणजे खोलीसारखा घुमारा देणाऱ्या इफेक्टची. पॅचचा (सिंथवर जुळवलेल्या आवाजाचा) रिलीज, म्हणजे कळ सोडल्यावर सूर विरायला लागणारा वेळ, आधीच लांब असतो, प्रीसेटमध्ये (आधीच भरलेल्या आवाजात) रिव्हर्ब असतोच, आणि वर आपण पेडलचा लावतो. दुसरी कॉर्ड आली तरी पहिली जायला तयार नसते. प्रीसेटमधला रिव्हर्ब बंद करा, रिलीज कमी करा, मगच पेडल चालू करा. रिव्हर्बच्या आवाजातून २५० हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं की बेस आणि ढोलकीला जागा मिळते. मिक्सरच्या ऑक्समधून, म्हणजे आवाजाची प्रत वेगळी पाठवणाऱ्या वाटेने, रिव्हर्ब घेत असाल तर तो पूर्ण वेट (फक्त इफेक्टचा आवाज) ठेवा, नाहीतर मूळ आवाज दोनदा येतो.

डिले अंदाजाने लावू नका. ६०,००० ला टेम्पोने, म्हणजे मिनिटातल्या ठोक्यांच्या संख्येने, भागा. टेम्पो १०० असेल तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, पाऊण ठोका ४५० चा. साध्या अर्पेजिओला (कॉर्डचे सूर एकामागोमाग वाजवण्याला) हा पाऊण ठोक्याचा डिले फार शोभतो, कारण प्रतिध्वनी सुरांच्या मधल्या फटीत पडतो.

गिटारचं पेडल वापरताना आवाज फाटत असेल तर आधी सिंथचा व्हॉल्यूम उतरवा. सिंथचा लाइन आउट गिटारपेक्षा बराच जोरकस असतो. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) शक्यतो रिव्हर्बच्या आधी, आणि भरगच्च कॉर्डवर तर जपूनच.

आता मोनो, म्हणजे डावाउजवा आवाज एकत्र करून एकच येणं. याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. घरी हेडफोनवर एक स्ट्रिंग्जचा पॅड तयार केला होता, डावीउजवीकडे मस्त पसरलेला. गणपतीतल्या एका कार्यक्रमात तोच वाजवला आणि मॉनिटरमधून आला तो कोरडा, बारीक आवाज. मंडपातली साउंड सिस्टिम मोनो होती. काही कोरसमध्ये डावीकडचा इफेक्ट उजवीकडच्याच्या बरोबर उलट्या फेजमध्ये असतो. दोन्ही एकत्र झाले की इफेक्ट पुसला जातो आणि मूळ आवाज तेवढा उरतो. नुसता डावा जॅक लावूनही हे सुटेलच असं नाही, कारण बऱ्याच कीबोर्डमध्ये उजवा जॅक मोकळा ठेवला की दोन्ही बाजू आतच एकत्र होतात. म्हणून पॅच तयार झाला की घरीच मिक्सर मोनो करून एका स्पीकरवर ऐका. पातळ वाटला तर स्टीरिओ कोरस काढा, मोनो कोरस लावा आणि त्याची डेप्थ (इफेक्टची खोली) थोडी वाढवा. हेडफोनवर तो कमी पसरलेला वाटेल, मंडपात मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल.