हाताने घडवलेल्या अंगठीचा धातू निवडताना या चुका टाळा

गळ्यातला हार बराच वेळ कपड्यावर विसावतो. अंगठीला ती सवलत नाही. घाम, भांड्यांचा साबण, कणकेचं पाणी हे सगळं बोट आणि धातू यांच्या फटीत जातं आणि तिथेच अडकून राहतं. म्हणून हाराला किंवा ब्रोचला चाललेला पत्रा अंगठीला चालेलच असं नाही. चार दिवसांत बोटाला खाज सुटली तर दोष घडवणाऱ्याच्या हातापेक्षा खरेदीत असण्याची शक्यता जास्त.

जर्मन सिल्व्हरला चांदी समजणं

यात चांदी औषधालाही नसते. साधारण 60 टक्के तांबं, 20 टक्के निकेल आणि 20 टक्के जस्त असं हे मिश्रण. 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून विकला जाणारा काळपट दागिना पुष्कळदा याचाच असतो. घाम खारट आणि किंचित आंबट असतो, त्यात निकेल हळूहळू विरघळतं आणि त्वचेत शिरतं. एकदा शरीराने निकेलशी वैर धरलं की ते बहुधा जन्मभर टिकतं. मग घड्याळाचा पट्टा आणि जीन्सचं बटणही टोचायला लागतं.

युरोपीय संघाने त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंसाठी दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला 0.5 मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घातली आहे. ही मर्यादा मिश्रणात निकेल किती आहे याची नाही, त्यातून किती सुटतं याची आहे. 316एल स्टेनलेस स्टीलमध्ये 10 ते 14 टक्के निकेल असूनही ते बहुतेकांना चालतं ते याचमुळे: क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर निकेलला धरून ठेवतो. पण लेथवर सहज कापलं जातं म्हणून कारागीर 303 स्टील सुचवेल, तर नको म्हणा. कापायला सोपं व्हावं म्हणून त्यात गंधक घातलेलं असतं आणि त्यातून निकेल जास्त सुटतं. ज्यांना निकेलची अ‍ॅलर्जी आधीच ठाऊक आहे त्यांच्यासाठी 316एलचाही जुगार खेळू नका. ग्रेड 2 टायटॅनियम किंवा नायोबियम घ्या. मात्र हे दोन्ही साध्या ज्योतीवर झाळता (वितळलेल्या धातूने जोडता) येत नाहीत, त्यामुळे अंगठी जोड न देता, नळीतून किंवा सळईतून कापून काढावी लागते.

आणि बचत तरी किती होते? आतला व्यास 17 मिमी आणि पत्रा 1.2 मिमी जाड असेल तर पट्टीची लांबी (17 + 1.2) × 3.14, म्हणजे सुमारे 57 मिमी. रुंदी 4 मिमी धरली तर 925 चांदी (92.5 टक्के शुद्ध) तीन ग्रॅमही लागत नाही. एवढ्यासाठी जर्मन सिल्व्हर वापरणं आम्हाला तरी पटत नाही.

चुंबक लावून निर्णय घेणं

'चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे निकेल नाही' हे दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. जर्मन सिल्व्हर चिकटत नाही, 304 आणि 316 स्टील जवळजवळ चिकटत नाही, आणि तिन्हींत निकेल असतं. उलट 430 स्टील झटकन चिकटतं आणि त्यात निकेल जवळपास नसतंच.

घरच्या घरी करण्यासारखी चाचणी घनतेची आहे. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पत्र्याचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि पत्रा दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. 925 चांदीचं उत्तर 10.3 ते 10.4 च्या आसपास येतं, जर्मन सिल्व्हरचं 8.7 च्या आसपास. बुडबुडे चिकटले तर उत्तर खाली घसरतं, म्हणून पत्रा आधी साबणाने धुऊन घ्या. तुकडा निदान दहा ग्रॅमचा हवा; तीन ग्रॅमच्या अंगठीवर काट्याची बारीकशी चूकही मोठी होते.

निकेलसाठी खास चाचणी डायमिथाइलग्लायऑक्झिम या रसायनाची. त्याचा आणि अमोनियाचा एकेक थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन धातूवर अर्धा मिनिट घासायचं. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. वरचा मुलामा ही चाचणी फसवतो, म्हणून आतल्या बाजूला कानशीने थोडं खरवडून तिथे घासा. मोठी खरेदी असेल तर सरळ टंच (शुद्धतेची तपासणी) काढून घ्या. क्ष-किरणांनी धातू ओळखणारं एक्सआरएफ यंत्र चांदीच्या टक्केवारीबरोबर निकेल आणि कॅडमियमही दाखवतं, पण तेही पृष्ठभागच वाचतं, तेव्हा तुकडा खरवडूनच द्या.

पितळ आणि तांबं

तांब्याने बोट हिरवं होतं ते घाम आणि तांब्यापासून झालेल्या क्षारांमुळे. साबणाने जातं, इजा नाही. लोक यालाच अ‍ॅलर्जी समजून अंगठी परत आणतात, म्हणून विकतानाच सांगून ठेवा. पितळ घेताना मात्र पत्रा आणि सळई यांत फरक करा. 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त असलेला पत्रा ठीक. लेथसाठी मिळणाऱ्या सळईत भुगा सुटा पडावा म्हणून बहुधा दोन-तीन टक्के शिसं घातलेलं असतं. तिची अंगठी नको, लहान मुलांसाठी तर मुळीच नको. भंगारातले जुने नळही याच कारणाने बाद.

आतून नेलपॉलिश लावा हा सल्ला फार ऐकू येतो. तो थर काही दिवसांत सोलपटतो, आणि काहींना त्यातल्या रेझिनचीच अ‍ॅलर्जी असते.

पत्रा चांगला, डाख (जोडायचा धातू) चुकीचा

925 चांदीचा उत्तम पत्रा आणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या शिसं-कथिलाच्या तारेने जोडायचा, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. जोड नेमका त्वचेला लागतो. शिवाय पुढे दुरुस्तीसाठी अंगठी तापवली की शिसं चांदीत उतरून खड्डे पाडतं. असा जोड दिला गेलाच असेल तर तापवू नका. तो भाग कापून टाका.

वेल्डिंगच्या दुकानातल्या काही चांदीयुक्त सळयांत कॅडमियम असतं. ते 767 अंशांना उकळतं, म्हणजे चांदी झाळण्याच्या तापमानाच्या अगदी आसपास, आणि त्याचा धूर फुप्फुसाला घातक असतो. सोन्यातला केडीएम, म्हणजे कॅडमियम घातलेला डाख याच कारणाने बदनाम झाला. चांदीचा डाख घेताना दुकानदाराकडून 'कॅडमियम नाही' हे बिलावर लिहून घ्या आणि त्यातला हार्ड (जास्त तापमानाला वितळणारा) डाख सवागी (टाकणखार) लावून वापरा.

आम्ल पुसून काढणं

धातू निर्दोष, डाख निर्दोष, तरी पहिल्याच दिवशी बोट चुरचुरलं तर आम्लाचा संशय घ्या. झाळल्यावर काळपटपणा काढायला अंगठी आम्लात टाकतो, मग नळाखाली धरून पुसतो. पण जोडाच्या चिरेत, खड्याच्या बैठकीत आम्ल राहतं. पाव लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून अंगठी पाच मिनिटं उकळा, मग ब्रशने साबण लावून धुवा. खडा नेहमी यानंतरच बसवा. आम्लात लोखंडी चिमटा घालू नका: चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा ठेवा.

मुलाम्यावर विसंबणं

सोन्याचं पाणी दिलेली अंगठी तळव्याच्या बाजूने आधी उघडी पडते, कारण तिथेच गाडीचं हँडल, लाटणं, बादलीची कडी घासते. पितळ आणि सोनं यांच्यामध्ये चमक यावी म्हणून बहुधा निकेलचा थर दिलेला असतो, आणि वरचं पाणी गेलं की तोच बोटाला लागतो. मुलामा करून घ्यायचाच असेल तर 925 चांदीवर, निकेलचा थर न देता, निदान 2.5 मायक्रॉन जाडीचा मागा. पांढऱ्या सोन्यातही तोच प्रश्न: पांढरेपणा निकेलने आणलाय की पॅलेडियमने, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी साध्या लोखंडाची, तिला गंज चढतो एवढंच. तिला चकाकी यावी म्हणून निकेल चढवलं तर बोटाला लोखंड लागतच नाही, निकेल लागतं.

खाज आली, आता धातू बदलायचा का?

लगेच नाही. अर्धा तास घालून पाहिली, काही झालं नाही, यावरून जसं काहीच ठरत नाही, तसंच खाज आली म्हणून धातूच दोषी असंही ठरत नाही. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया साधारण 24 ते 72 तासांनी उमटते. साबण अडकूनही तसाच लाल चट्टा उठतो, विशेषतः 8 मिमीहून रुंद, आतून सपाट अंगठीखाली. ज्योतिषाच्या सांगण्यावरून खडा त्वचेला टेकावा म्हणून बैठक मागून उघडी ठेवतात, तिथे तर कणीक आणि साबण हमखास साचतो.

म्हणून अंगठी काढा, चट्टा पूर्ण जाऊ द्या, अंगठी सोड्याच्या पाण्यात उकळून कोरडी करा आणि दुसऱ्या हातात घाला. हात धुताना मात्र दर वेळी काढा. आठवडाभर काही झालं नाही तर धातू बदलू नका, आतल्या कडा गोल करा आणि रुंदी कमी करा. कोरड्या बोटावरही दोन-तीन दिवसांत चट्टा परतला, किंवा कानातले आणि घड्याळही टोचत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून करायची अ‍ॅलर्जीची चाचणी) करून घ्या.

जोडव्यांना हीच कसोटी आणखी कडक लावा. पायाचं बोट बुटात तासन् तास घामेजलेलं असतं आणि जोडवी क्वचितच काढली जातात, म्हणून तिथे मुलामा दिलेलं काहीही न वापरता थेट 925 चांदी घ्या.