आडा बाजारची गाय: गावची दंतकथा कशी तपासावी

इंदूरला राजवाड्याजवळ आडा बाजार आहे. हे नाव कसे पडले असे विचारले की गोष्ट ठरलेली. अहिल्याबाई होळकरांचे पुत्र मालेराव यांच्या रथाखाली वासरू सापडले. अहिल्याबाईंनी मुलाला तीच शिक्षा फर्मावली, त्याला रस्त्यात बांधून घातले आणि रथ हाकला. तर मेलेल्या वासराची आईच रथाला आडवी आली. हटवली तरी पुन्हा येऊन उभी राहिली, म्हणून 'आडा'.

हे खरे की खोटे, एवढा निकाल देऊन बहुतेक लेख थांबतात. हल्लीचा अभ्यासक तिथून पुढे जातो आणि विचारतो, ही गोष्ट कोणी, कधी, कोणाला सांगितली आणि ती सांगायची गरज का पडली? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते एकाच वेळी हाताळले तर गोंधळ होतो. आधी गोष्ट गोळा करावी, मग घटना तपासावी, अर्थ शेवटी लावावा.

किमान दहा जणांकडून गोष्ट ऐका. दहाही जण एकाच घरचे किंवा एकाच मंडळातले नकोत. राजवाड्याभोवतीचे दुकानदार, रामबागेतली जुनी मराठी घरे, माळवी बोलणारी माणसे, धनगर समाजातले वडीलधारे, शाळेत शिकवणारे असे सगळे हवेत. फोन एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डिंग करा आणि मध्ये अजिबात बोलू नका. "आजी, वासरूच होतं ना?" असे एकदा विचारले की ते कथन वाया गेले. आजी मान डोलावणार आणि तुमचेच शब्द तुम्हाला परत मिळणार. "ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? तेव्हा तुम्ही केवढ्या होता?" हे गोष्ट संपल्यावर विचारा. "टीव्हीवर पाहिलं" हेही उत्तर जसेच्या तसे लिहून घ्या, ते फार कामाचे असते.

मग तक्ता मांडा. मेले कोण, वाहन कोणते, शिक्षा कोणी सुचवली, शिक्षा अमलात आली का, शेवट काय, असे रकाने करा. काही जण सांगतात की अहिल्याबाईंनी आधी सुनेला विचारले, आईसमोर तिचे लेकरू मारणाऱ्याला काय शिक्षा द्यावी? काहींच्या तोंडी रथाऐवजी हत्ती येतो आणि मालेराव मरतात, तर काहींच्या गोष्टीत गाय त्यांना वाचवते. यातले एक 'मूळ' ठरवून बाकीची टाकून देऊ नका. फरक जिथे पडतो तिथेच सांगणाऱ्याचे मन दिसते.

आता घटना. मल्हारराव होळकर 20 मे 1766 रोजी आलमपूरला वारले. नातू मालेराव गादीवर आला आणि 1767 मध्ये, वर्षही पुरे न होता गेला. त्याचा मृत्यू आजाराने झाला असे इतिहासकार मानतात. या दोन वर्षांची मोडी पत्रे चाळायची म्हणजे कालगणना पक्की हवी. पत्रावर 'सबा सितैन मया व अलफ' दिसले तर सात, साठ, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन (मराठी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिला जाणारा सन) 1167. हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. 1167 म्हणजे जून 1766 ते जून 1767, नेमका आपला काळ. तारखेआधीचा 'छ' हा चंद्र, म्हणजे पुढची तारीख हिजरी महिन्याची.

माळव्यात आणखी एक खड्डा आहे. मराठी पंचांग अमान्त, म्हणजे महिना अमावास्येला संपणारे; स्थानिक पंचांग पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिना एकच असतो, पण आपला चैत्र वद्य तो त्यांचा वैशाख वदि. कागद मराठी कारकुनाचा की स्थानिक, हे न पाहता तारीख लावली तर सरळ एक महिना चुकतो आणि मृत्यूनंतरचे पत्र मृत्यूआधीचे ठरते.

मायन्यालाही पुरावा समजू नका. अहिल्याबाईंना लिहिलेल्या पत्रात 'गंगाजल निर्मळ' दिसले म्हणजे लिहिणाऱ्याने त्यांना देवी मानले असे होत नाही. वडीलधाऱ्या स्त्रियांना तसे लिहायची रीतच होती. आणि पत्रांत वासराचा उल्लेख नाही, यावरून काही घडलेच नाही असेही ठरत नाही. आजाराचा स्पष्ट उल्लेख मिळाला तर मात्र त्याला वजन आहे.

सर्वांत जास्त माणसे फसतात ती इंग्रजी छापील मजकुराला. जॉन माल्कमने 1823 साली मध्य भारतावरचा ग्रंथ छापला. त्यात वासरू नाही. मालेरावाने एका कशिदा काढणाऱ्याला संशयावरून मारले, त्याच्या भुताने मालेरावाला पछाडले आणि त्यातच तो गेला, असे लोकांकडून ऐकलेले त्याने लिहिले. म्हणजे घटनेनंतर पन्नासेक वर्षांनी, कंपनीच्या अधिकाऱ्याने टिपलेली ही दुसरी दंतकथाच आहे. तिलाही त्याच तक्त्यात एक ओळ द्या.

मग गोष्ट किती दूर पसरली आहे ते पाहा. श्रीलंकेच्या 'महावंसा'त एळार राजाची हीच कथा आहे. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मरते, गाय न्यायाची घंटा वाजवते आणि राजा मुलाला त्याच चाकाखाली मारतो. तमिळ परंपरेत ती मनुनीती चोळाची कथा झाली आणि तिथे शिव प्रकट होऊन सगळ्यांना उठवतो. म्हणजे साचा होळकरांच्या शेकडो वर्षे आधीचा. इंदूरने त्यात काय घातले तेवढे वेगळे काढा. एक, राजाच्या जागी आई. दोन, घंटा वाजवून दाद मागणारी गाय इथे स्वतःच क्षमा करते. तीन, बाजाराचे नाव. तिसऱ्याबाबत नकाशा उघडा. 'आडा' म्हणजे आडवा. रस्ता मुख्य वाटेला आडवा जातो का ते पाहा. जात असेल तर नाव आधी आणि गोष्ट मागाहून चिकटली, ही शक्यता नोंदवायलाच हवी.

पहिल्या दोन भरींचा अर्थ लावताना 1767 विसरू नका. नवरा खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडलेला, सासरे गेले, मुलगा गेला. दिवाण गंगाधर यशवंत आणि राघोबादादा दौलतीवर डोळा ठेवून होते. विधवा बाईने गादी सांभाळण्याचा हक्क कशावर टेकवायचा? पोटच्या पोराला न सोडणारी न्यायी आई, हे त्याला लोकांनी दिलेले उत्तर असू शकते. आजाराने झालेल्या मृत्यूला त्यातून अर्थही मिळतो. हे पटण्यासारखे आहे, पण आहे अनुमानच, तसेच लिहा.

गोष्ट छापून कधी आली हे आजपासून मागे जात शोधा. स्मरणिका, पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे, संस्थानचे गॅझेटियर या क्रमाने उतरा. अहिल्या केंद्रीय ग्रंथालयापासून सुरुवात करता येईल. बाईंची बिरुदेही तारखेसह टिपत जा. मातुश्री, पुण्यश्लोक, देवी, लोकमाता हे शब्द एकाच काळाचे आणि एकाच समाजाचे नाहीत. आज विद्यापीठ, विमानतळ आणि अहिल्यानगर जिल्हा त्यांच्या नावाचा आहे. ही नावे कोणाच्या मागणीने आली ते पाहिले की गोष्ट आज कोणाची ओळख सांगते ते कळते.

लिहिताना क्रियापदे जपून वापरा. कागदावर असेल तिथे 'झाले', ऐकीव असेल तिथे 'सांगतात', तुमचे अनुमान असेल तिथे 'असावे'. सर्वांत जुना छापील उल्लेख मिळाला तर 'आम्हाला सापडलेला सर्वांत जुना' एवढेच म्हणा, 'गोष्ट तेव्हा जन्मली' असे नको. छापण्याआधी मजकूर त्या आजींना वाचून दाखवा. त्यांचे सांगणे त्यांच्याच शब्दांत, माळवी वळणासकट शेजारी छापा.