व्हेंटिलेटरवरच्या, पण शुद्धीत असलेल्या माणसाशी कसं बोलायचं

पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून "तेंका आता काय कळना नाय" म्हणणं आधी बंद करा. सिंधुदुर्गात आयसीयूत सिस्टर म्हणून काम करताना हे वाक्य मी नेहमी ऐकते, आणि पेशंटही ते ऐकत असतो. तोंडातली नळी स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत गेलेली असते, म्हणून आवाज निघत नाही, एवढंच. झोपेचं औषध कमी केलं की माणूस जागा असतो.

हात धुवा. घरून चष्मा आणि कानाचं मशीन आणा, सिस्टरना विचारून लावा. चेहऱ्यासमोर येऊन आपण कोण ते सांगा. ओरडू नका.

आता खरं काम: 'हो' आणि 'नाही'ची खूण ठरवणं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. "मान हलवा" म्हणू नका. मान हलली की नळी ओढली जाते, आणि अर्धवट डोलावलेली मान हो की नाही, यावर घरच्यांचंच एकमत होत नाही. "डोळे मिचकावा" हा सल्लाही टाकाऊ, कारण डोळे आपोआप मिचकतात. "हात दाबा"ही नको. तळहाताला स्पर्श झाला की बोटं नकळत मिटू शकतात. माझी खूण ठरलेली आहे: हो म्हणजे डोळे घट्ट मिटून धरायचे, नाही म्हणजे वर छताकडे बघायचं.

खूण पारखल्याशिवाय पुढे जाऊ नका. "तुम्ही देवगडचे ना?" आणि मग "तुम्ही नागपूरचे का?" असं विचारा. आयसीयूत भ्रम ओळखायला आम्ही "दगड पाण्यावर तरंगतो का?", "समुद्रात मासे असतात का?" असे प्रश्न विचारतो. दर्यावर जन्म काढलेला माणूस दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' म्हणाला, तर वाद घालू नका, सिस्टरना सांगा. भ्रम येतो-जातो, सकाळी न जमलेलं संध्याकाळी जमू शकतं.

एका वेळी एकच प्रश्न. "दुखतंय की तहान लागलीय?" याला हो म्हणून काय कळणार? प्रश्न विचारला की गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेले चाकरमानी भेटीच्या वेळेत एका दमात पाच प्रश्न विचारतात आणि उत्तर यायच्या आत रडू लागतात. तळमळ कळते मला, पण पेशंट त्याने दमतो. घरच्या बोलीतच विचारा: "दुखता काय?" मग श्वास लागतोय का, कफ काढायचाय का, कुशीवर वळायचंय का. तहान असेल तर तोंडात पाणी घालू नका. ओठ ओले करायचे का, ते सिस्टरना विचारा.

याच्या पलीकडचं सांगायचं असेल तर अक्षरांचा तक्ता. पुठ्ठ्यावर मुळाक्षरं मोठी लिहा: क, च, ट, त, प यांच्या ओळी, खाली य ते ज्ञ. "पहिली ओळ? दुसरी?" हो आलं की त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा सोडून द्या, त्यात जीव जातो. एका शेतकरी आजोबांनी ग, भ, ण अशी अक्षरं दिली. मुलगा 'गणपती, गणपती' करत राहिला. सुनेला कळलं: गाय गाभण होती, दिवस भरत आले होते, गोठ्यात कोण बघतंय? शेजारी बघताहेत म्हटल्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि कपाळावरची आठी सुटली.

अक्षरओळख नसेल तर विषयावरून आत शिरा: अंगाचं आहे? घरचं? पैशाचं? देवाचं?

नाही कळलं तर तसं सांगा, थोड्या वेळाने पुन्हा बघू म्हणा. खोटं "हो हो, समजलं" त्यांना लगेच ओळखू येतं, आणि मग ते प्रयत्नच सोडतात.

निघण्याआधी खूण कागदावर लिहून, सिस्टरना विचारून उशाशी चिकटवा: 'हो – डोळे घट्ट. नाही – वर बघणे.' रात्रपाळीला दुसरी सिस्टर असते.