जनरेटरचं कपलिंग रबर का खातं? या चुका टाळा

मंडपवाल्याच्या ट्रॉलीवरचा किंवा गिरणीमागच्या शेडमधला छोटा डिझेल जनरेटर घ्या. एका सिलिंडरचं इंजिन, शेजारी अल्टरनेटर, मध्ये दोघांचे शाफ्ट (फिरणारे दांडे) जोडणारं जबड्यांचं कपलिंग आणि त्यात चांदणीच्या आकाराचं रबर, म्हणजे स्पायडर. १५०० आरपीएमवर असं फोर-स्ट्रोक इंजिन सेकंदाला साडेबारा धक्के देतं आणि ते सगळे या रबराने सोसायचे. ते झिजणारच. पण दर दोन महिन्यांनी नवं टाकावं लागत असेल, तर रबराला आणि दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही.

पहिली चूक आवाज ओळखण्यात होते. चालू-बंद करताना खडखड आणि लोड टाकला की आवाज कमी, एवढ्यावरून 'बेअरिंग गेलं' म्हणत थेट इंजिन उघडणारे मिस्त्री आहेत. आधी डिझेल बंद करा, सेल्फ असेल तर बॅटरीची वायर काढा, मग गार्ड (कपलिंगवरचं झाकण) काढून हब, म्हणजे शाफ्टवर बसवलेला कपलिंगचा जबड्यांचा भाग, हाताने मागेपुढे हलवा. हब आणि शाफ्टच्या सांध्यावर बोट ठेवलं की प्ले (ढिलेपणा) रबरात आहे की चावीत (हबला शाफ्टवर घसरू न देणाऱ्या पट्टीत), ते लगेच कळतं. खाली काळा भुगा पडला असेल तर रबर घासतंय. शाफ्टपाशी लालसर पूड दिसली तर हबच शाफ्टवर हलतोय.

जुनं रबर फेकण्याआधी नीट बघा. दोन शाफ्ट एका रेषेत नसतील तर सगळ्या पाकळ्या सारख्याच खाल्ल्या जातात, कारण फिरताना प्रत्येक पाकळी त्याच जागेवरून जाते. एकच पाकळी खाल्ली असेल तर हबचा बोअर (शाफ्ट बसतो ते भोक) सेंटरला नाही, शाफ्ट वाकलाय किंवा एखादा जबडा झिजलाय. मग अलाइनमेंट (दोन शाफ्ट एका रेषेत आणणं) कितीही करा, उपयोग नाही. जबड्यांवर खड्डे असतील तर नुसतं रबर बदलू नका, हबही बदला. टायर कापून केलेलं रबर तर टाकूच नका. डिझेल-ऑइल लागलं की ते फुगतं.

खरं नुकसान होतं ते शाफ्टवरच्या जुगाडाने. हब सैल झाला की कुणी शाफ्टवर पंच मारून उठाव काढतं, कुणी पत्र्याची पट्टी घालतं, कुणी ग्रब स्क्रू (हबमधून शाफ्टवर दाबणारा छोटा स्क्रू) आवळून मोकळं होतं. पंचाचे उठाव थोड्याच दिवसांत दबतात, पत्र्यामुळे हब एका बाजूला सरकतो. जागेवरच वेल्डिंग भरणं त्याहून वाईट: शाफ्ट तापून वाकतो आणि अर्थिंगचा क्लॅम्प भलतीकडे लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन गोळ्यांवर डाग पाडतो. त्यापेक्षा अल्टरनेटरचा रोटर काढून लेथवर न्या. बेअरिंगच्या जागा धरून सेंटर करायला सांगा, शाफ्टवरून हलका कट घ्या आणि त्या मापाचा बोअर असलेला नवा हब करून घ्या. चावीचा गाळा (खाच) पसरला असेल तर शाफ्टवर दुसऱ्या बाजूला नवा गाळा पाडता येतो. चावी बाजूंनी घट्ट हवी, वरून थोडी मोकळी. वरून ठोकून बसवलेली चावी हबला सेंटरवरून ढकलते.

हब हातोड्याने बसवू नका. रबर बाहेर ठेवून हब गरम तेलात तापवा आणि सरकवा. काढताना पुलर लावा.

आता अलाइनमेंट. इथे घाई नडते. बोल्ट ढिले असताना पट्टी लावून 'बरोबर आहे' म्हणायचं आणि मग बोल्ट आवळायचे, हा उलटा क्रम. आधी पायांचे चारही बोल्ट आवळा. मग एकेक ढिला करून पायाखाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातो का बघा. जात असेल तर तेवढी शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला, नाहीतर आवळताना खालचा लोखंडी चॅनल पिळला जातो. त्यानंतर स्टीलपट्टी दोन्ही हबवर वर, खाली आणि दोन्ही बाजूंना टेकवा. फरक ०.१ ते ०.२ मिमीच्या आत आणा. हबमधली फट चार ठिकाणी फिलरने मोजा. डी-कॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) उचलून दोन्ही शाफ्ट एकत्र अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. शाफ्टसोबत फरकही फिरला, तर हबच तिरका आहे.

गार्ड परत लावा. तासभर लोडवर चालवून, बंद करून, बोल्टांवर पुन्हा एकदा पाना फिरवा. ट्रॉलीवरचा सेट असेल तर खराब रस्त्याचा प्रवास झाल्यावरही.